शुभेच्छांचा मायना

कचेरी आणि सण यांचें मूळचेंच वांकडें आहे. सणाच्या दिवशीं माणसानें घरीं असावें असें घराला वाटतें, आणि दुसऱ्या दिवशीं त्यानें वेळेवर परत यावें एवढेंच कचेरीला वाटतें. असें असूनहि सण जवळ आला कीं कचेरीला कंठ फुटतो. सूचनाफलकावर रंगीत कागद लागतो, गिऱ्हाइकांकडे आणि व्यापाऱ्यांकडे पत्रें जातात, आणि अलीकडे तर संगणकाची एक कळ दाबली कीं हजार माणसांच्या पुढ्यांत एकच पणती एकाच वेळीं तेवूं लागते. मुंबईच्या फोर्ट भागांतील एका खासगी कंपनीच्या पत्रव्यवहार-खात्यांत आमचीं बरींच वर्षें गेलीं, आणि या शुभेच्छांचे मसुदे करण्याचें काम बहुधा आमच्याकडेच असे. काम हलकें, पण त्यावरून होणारी चर्चा मात्र दरवर्षीं जड होत जाई.

चर्चेचा विषय ठरलेला. "दिवाळीच्या शुभेच्छा" असें लिहावें, कीं "सणासुदीच्या शुभेच्छा" असें? पहिला पक्ष म्हणे, दिवाळीला दिवाळी म्हणण्याची चोरी कसली? दुसरा पक्ष म्हणे, कचेरींत शंभर तऱ्हेचीं माणसें आहेत. एकाच्या सणाचें नांव घेतलें कीं दुसऱ्याला आपण येथें पाहुणे आहों असें वाटावयाचें. तेव्हां नांवच नको. दोन्ही पक्षांतील मंडळी सज्जन होतीं आणि दोहोंच्या म्हणण्यांत तथ्यहि होतें. परंतु आम्हांला वर्षानुवर्षें असें वाटत आलें आहे कीं, हा वाद भलत्याच ठिकाणीं चालतो. नांव घ्यावें कीं गाळावें हा प्रश्न नंतरचा. ज्याला शुभेच्छा द्यावयाच्या त्याची आपणांस कितपत ओळख आहे, हा प्रश्न आधींचा.

आमच्या भाषेंत पत्राच्या आरंभाला मायना म्हणतात, आणि मायना हें आमच्या जुन्या कारकुनांचें एक शास्त्रच होतें. विद्वान् ब्राह्मणास "वेदशास्त्रसंपन्न", सरदारास "अखंडित लक्ष्मी अलंकृत", वडिलांस "तीर्थस्वरूप", धाकट्यास "चिरंजीव". लेखणी दौतींत बुडविण्यापूर्वीं आपण कोणास लिहीत आहों हें कारकुनास पक्कें ठाऊक असावें लागे. गंमत अशी कीं, हाच कारकून तारीख घालतांना "छ" हें अक्षर लिहून पुढें मोहरम, सफर, रबिलावल असा मुसलमानी महिना घाली, आणि वर्षहि अरबी शब्दांनीं मोजी. दसऱ्याच्या स्वारीविषयींचें पत्र रमजानच्या तारखेनें निघालें तरी त्यांत कोणाला कांहीं विपरीत वाटत नसे. कचेरीच्या कागदावर अनेकांचीं पंचांगें शेजारीं शेजारीं नांदावीं ही कल्पना आपल्याकडे परक्या मुलखांतून आलेली नाहीं.

तथापि या मायन्याचें कौतुक एका मर्यादेपलीकडे करवत नाहीं. तो माणसाला ओळखे तो त्याच्या पायरीवरून. बायकांच्या बाबतींत तर तो फारच कठोर होता. नवरा हयात असला तर "सौभाग्यवती", नसला तर "गंगाभागीरथी". "सौ." आणि "गं. भा." हीं त्यांचीं आंखूड रूपें पत्रांच्या पत्त्यांवर आणि लग्नपत्रिकांवर पिढ्यान् पिढ्या छापलीं गेलीं. पाकीट उघडण्यापूर्वींच त्या घरचें दुःख टपालवाल्याला सुद्धां वाचतां येई. नांव घेणें म्हणजे मान देणें असें म्हणणाऱ्यांनीं ही गोष्ट विसरूं नये. नांव घेऊनहि माणसाला बाहेर बसवितां येतें.

मायन्याच्या उलट टोंकाला छापील शुभेच्छापत्र आहे. त्याचा जन्म १८४३ सालीं लंडनमध्यें झाला. हेन्री कोल नांवाचे एक मोठे उद्योगी गृहस्थ तेथें होते. १८४० त एका पेनीचें जें स्वस्त टपाल सुरू झालें त्याच्या खटपटींत त्यांचाहि हात होता. टपाल स्वस्त झालें तशीं नाताळांत येणारीं पत्रें वाढलीं, आणि त्यांना उत्तरें लिहिण्यास या गृहस्थांस वेळ पुरेना. तेव्हां त्यांनीं जॉन कॉलकट हॉर्स्ली या चित्रकाराकडून एक चित्र काढवून घेतलें, त्याच्या सुमारें एक हजार प्रती छापविल्या, आणि स्वतःला लागतील तेवढ्या ठेवून बाकीच्या एक शिलिंगास एक याप्रमाणें विकावयास काढल्या. ज्या टपालानें पत्रें वाढविलीं त्याच्यावरचा हा उतारा होता. चित्रांत एक कुटुंब मेजाभोंवतीं बसून द्राक्षमद्याचे पेले उंचावीत आहे आणि एका लहान मुलाच्याहि ओठाला पेला लागलेला आहे. तो पाहून दारूबंदीचे पुरस्कर्ते रागावले. सर्वांना चालावें म्हणून काढलेल्या पहिल्याच छापील कार्डानें कोणाचें तरी मन दुखविलें! तेव्हां कोणाचेंच मन दुखविणार नाहीं असा मजकूर शोधीत बसणाऱ्या आमच्या मित्रांनीं फार आशा बाळगूं नये.

पुढें इंग्रजी मुलखांत, विशेषतः अमेरिकेंत, नाताळ न करणारीं माणसेंहि आपल्या शेजारच्या टेबलाशीं बसतात ही जाणीव वाढली, तसा "सीझन्स ग्रीटिंग्ज" हा वाक्प्रचार कचेऱ्यांना सोयीचा वाटूं लागला. तेथें त्याला अर्थ आहे. नाताळ २५ डिसेंबरला. यहुदी लोकांचा आठ दिवसांचा हनुक्का बहुधा त्याच सुमारास. आफ्रिकन वंशाच्या अमेरिकनांनीं १९६६ पासून सुरू केलेला क्वान्झा २६ डिसेंबरपासून. आणि पाठोपाठ नवें वर्ष. ऋतु एक आणि सण चार, म्हणून ऋतूचें नांव घेतलें कीं चौघांचेंहि नांव घेतल्यासारखें होतें. एवढें असूनहि भांडण मिटलें नाहीं. २००५ च्या नाताळांत, दुकानांच्या पाट्यांवरून नाताळाचें नांव कां गाळलें, म्हणून त्या देशांत मोठा गहजब झाला होता.

आपल्याकडे हाच वाक्प्रचार भाषांतर करून आणला कीं त्याचे पाय जमिनीला लागत नाहींत. कारण आपला ऋतु कोणता? हिजरी वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचें. त्यामुळें ईद दरवर्षीं सुमारें ११ दिवस अलीकडे सरकते आणि सुमारें ३३ वर्षांत सगळे ऋतु हिंडून येते. पारश्यांचें शहनशाही वर्ष बरोबर ३६५ दिवसांचें, त्यांत चौथ्या वर्षाचा जादा दिवस नाहीं. म्हणून त्यांचें नवें वर्ष दर चार वर्षांनीं एक दिवस मागें येत येत सध्यां ऑगस्टच्या मध्यास पडतें, आणि २१ मार्चचा जमशेदी नवरोज वेगळाच. आमचें नवें वर्ष चैत्रांत सुरू होतें तर शेजारच्या गुजराती व्यापाऱ्याचें कार्तिकांत. "सणासुदीच्या शुभेच्छा" हें पत्रक श्रावणापासून तुळशीच्या लग्नापर्यंत कोणत्याहि दिवशीं लावतां येतें, आणि म्हणूनच तें कोणी थांबून वाचीत नाहीं. शिवाय आमचा अनुभव असा कीं, मजकुरांतून दिवाळी काढून टाकली तरी कागदाच्या कोपऱ्यांत पणती राहतेच, आणि कागद लागतो तोहि वसुबारसेच्या आदल्या दिवशीं. नांव गाळून जें झांकलें तें चित्रानें आणि तारखेनें उघडें पडतें. ज्याला परकें वाटावयाचें त्याला तें वाटतेंच. वर आपल्याला फसविण्याचा प्रयत्न झाला असेंहि वाटतें.

मग प्रत्येकाच्या सणाचें नांव घेऊन प्रत्येकाला शुभेच्छा द्याव्या, म्हणजे झालें, असें वाचक म्हणतील. आमच्या कंपनींतहि एका वर्षीं असा उत्साह संचारला होता. सरकारी सुट्ट्यांची यादी घ्यावी आणि प्रत्येक सुट्टीस एक शुभेच्छापत्र काढावें, असें ठरूं लागलें. आतां ही यादी मुळांत कशासाठीं निघते तें पाहावें. हुंड्या-चेकांसंबंधींचा जो १८८१ चा कायदा आहे, त्याच्या आधारें सरकार या सुट्ट्या जाहीर करतें. हुंडीची मुदत सुट्टीच्या दिवशीं भरत असेल तर ती आदल्या कामाच्या दिवशीं भरली असें समजावें, असा त्यांतला हिशेब. हुंडी केव्हां पिकते हें सांगणाऱ्या यादीनें माणसानें केव्हां हंसावें हें कसें सांगावें?

त्या यादींत गुड फ्रायडे आहे. तो ख्रिस्ती बांधवांचा शोकाचा व उपवासाचा दिवस. त्या दिवशीं त्यांना "आनंदाचा जावो" म्हणणें म्हणजे सुतकाच्या घरीं पेढे नेण्यासारखें आहे. मोहरम आहे. हिजरी वर्षाचा तो पहिला महिना खरा, पण त्याचा दहावा दिवस करबल्याच्या रणांत इमाम हुसेन यांना आलेल्या हौतात्म्याच्या स्मरणाचा; नववर्षाच्या शुभेच्छा तेथें शोभत नाहींत. पारश्यांच्या नववर्षाला सगळी मुंबई "पतेती" म्हणते. परंतु पतेती म्हणजे वर्षाचा शेवटचा दिवस, झाल्या चुकांच्या पश्चात्तापाचा. आनंद दुसऱ्या दिवशींचा. ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीकडे जाणारे लाखों लोक डॉ. आंबेडकरांच्या स्मृतीस वंदन करावयास जातात. त्यांना वाट करून द्यावी हीच त्या दिवशींची शुभेच्छा. तेंच दसऱ्याच्या दिवशीं आपण एकाच्या हातीं आपट्याचें पान ठेवतों, तेव्हां शेजारच्याच्या मनांत १४ ऑक्टोबर १९५६ चें नागपूर आणि तेथला धम्मदीक्षेचा सोहळा असतो, कारण १९५६ सालीं विजयादशमी त्याच दिवशीं होती. दिवस एक, पण दोघांच्या आनंदाचीं कारणें दोन.

यादींत नसलेल्या दिवसांची गोष्ट याहून मनोरंजक आहे. गणेशचतुर्थीच्या सुमारास आपण मोदक खात असतों, तेव्हां श्वेतांबर जैन सहकारी संवत्सरीचा उपवास करून सायंकाळीं "मिच्छामि दुक्कडम्" म्हणतो: माझ्या हातून झालेलें दुष्कृत्य निष्फळ होवो. शुभेच्छेच्या जागीं क्षमा मागण्याची ही रीत कचेऱ्यांनीं सरसकट उचलावी इतकी चांगली आहे; पण तिचें उत्तर "तुम्हांलाहि" एवढेंच देऊन भागत नाहीं. अलिबाग-रेवदंड्याकडचे बेने इस्रायल घरींदारीं मराठी बोलत आणि आपल्या सणांना मराठी नांवें देत. वर्षारंभाला ते "नव्याचा सण" म्हणत, आणि उपवास करून, घराचें दार लावून, प्रार्थनेंत घालविण्याच्या मोठ्या दिवसाला "दारफाळणीचा सण" म्हणत. ज्या सणाचा अर्थच दार लावून घेणें असा आहे, त्याच्या दारावर शुभेच्छांची थाप कशाला मारावी?

तात्पर्य, प्रत्येक दिवसाला आपापला स्वभाव आहे. कांहीं दिवस बोलण्याचे असतात आणि कांहीं गप्प बसण्याचे. ही जाण एके काळीं आपल्या तार-खात्याला होती असें आम्हांला वाटतें. शुभेच्छांच्या तारांसाठीं त्या खात्यानें ठरावीक वाक्यें करून त्यांना अनुक्रमांक दिले होते. एका अंकाला दिवाळी, दुसऱ्याला ईद, तिसऱ्याला बंगाल्यांची विजया, आणखी एकाला नवें वर्ष. पाठविणाऱ्यानें तेवढा अंक लिहावा. पलीकडच्या तारघरांत त्याचें पूर्ण वाक्य होऊन तें घरपोंच होई. सर्वांसाठीं एकच गुळमुळीत वाक्य करण्यापेक्षां हा मार्ग किती तरी सरळ. सरकारनें कोणत्याहि सणाचें नांव गाळलें नाहीं, आणि कोणता अंक कोणाला पाठवावा हें मात्र पाठविणाऱ्यावर सोपविलें. जुलै २०१३ मध्यें तार बंद झाली आणि ते अंकहि गेले. परंतु निवड करण्याची ती जबाबदारी गेली असें मानण्याचें कारण नाहीं.

आतांचा संगणक ही जबाबदारी आपल्यावर घ्यावयास उत्सुक असतो. आडनांव पाहून तो सण ओळखूं म्हणतो. कोंकण ज्यांनीं पाहिलें आहे ते या धाडसाला हंसतील. दळवी आणि पारकर हीं आडनांवें तेथें हिंदूंचीं आहेत तशीं मुसलमानांचींहि आहेत. बेने इस्रायलांचीं आडनांवें गांवावरून पडलेलीं, म्हणजे तुमच्या-आमच्यासारखींच "कर"-अंती. नगरकडील कित्येक ख्रिस्ती घराण्यांत मराठी आडनांवें चालत आलीं आहेत. त्यांतून कोणी आपल्या घराण्याचा धर्म पाळीत नाहीं, कोणी कोणताच पाळीत नाहीं, कोणी लग्नामुळें दोन घरचे सण करतो. आडनांवावरून जात काढण्याची जी खोड आपण मोठ्या कष्टानें सोडूं पाहत आहों, ती शुभेच्छांच्या निमित्तानें यंत्राला शिकविणें बरें नव्हे. शब्दांचीं कुळें सुद्धां अशीं सरळ नसतात. नाताळ आणि पगार हे दोन्ही शब्द आपण पोर्तुगिजांकडून घेतले, आणि कार्तिकांतल्या पाडव्याला गुजराती हिंदू जें "साल मुबारक" म्हणतो, त्यांतला "मुबारक" अरबी. जेथें शब्दच इतके मिसळले, तेथें माणसाचा सण त्याच्या पाटीवरून कोण सांगणार?

मग ओळखावें कसें? आमच्या कंपनींत एक हेडक्लार्क होते. त्यांना या वादांत मुळींच रस नव्हता. दर जानेवारींत सुट्ट्यांची यादी आली कीं ते गेल्या वर्षाचें रजेचें रजिस्टर काढून बसत. कोण कोणत्या दिवशीं रजेवर होतें, कोणी अर्धा दिवस मागितला होता, कोणी कारण न सांगतां दरवर्षीं तीच तिथि घरीं घालविली होती, हें पाहून यादीच्या समासांत पेन्सिलीनें बारीक खुणा करीत. आम्हीं एकदां विचारलें तेव्हां म्हणाले, "अहो, रजेचें रजिस्टर हेंच कचेरीचें पंचांग. माणूस तोंडानें बोलत नाहीं तें रजेच्या अर्जानें बोलतो." केंद्र सरकारच्या नोकराला ठरलेल्या सुट्ट्यांशिवाय वर्षांत दोन ऐच्छिक सुट्ट्या यादींतून स्वतः निवडून घेतां येतात, त्या व्यवस्थेंतलें मर्म या गृहस्थांना नियमावांचून उमगलें होतें. ज्याचा सण त्यानें सांगावा. कचेरीनें ऐकून घ्यावा.

त्यांना ही संवय कशानें लागली तेंहि सांगण्यासारखें आहे. एका वर्षीं ईदची सुट्टी यादीप्रमाणें सोमवारची होती. रविवारीं चंद्र दिसला नाहीं, म्हणून ईद मंगळवारवर गेली. सोमवारीं सकाळीं सूचनाफलकावर चांगल्या जाड कागदावर "ईद मुबारक" लागलें होतें, चंद्रकोरीसकट. आणि मंगळवारीं तिमाही हिशेबांची बैठक आधींपासून ठरलेली होती. ती बदलावयास वरिष्ठ राजी झाले नाहींत. आमचे हिशेबनीस मुसलमान होते. वयानें पन्नाशीच्या पुढचे, अत्यंत अबोल. मंगळवारीं ते पहाटेची नमाज आणि मग ईदची नमाज आटोपून, नव्या कपड्यांनिशीं अकरा वाजतां बैठकीला आले, संध्याकाळीं सहापर्यंत आंकडे वाचीत बसले, आणि जातांना शीरखुर्म्याचा डबा सर्वांसाठीं ठेवून गेले. त्यांनीं एका शब्दानें तक्रार केली नाहीं. पण तो डबा उघडण्याचें धैर्य बराच वेळ कोणाला झालें नाहीं. शुभेच्छा भिंतीवर होती आणि ज्याला ती दिली तो माणूस घरीं नव्हता. त्या दिवसानंतर हेडक्लार्कांची पेन्सिल ईदच्या पुढें-मागें दोन्ही दिवसांवर खूण करूं लागली, आणि त्या दिवशीं बैठक ठेवणाऱ्याशीं ते भांडूं लागले.

येथपर्यंत परधर्मीयांची गोष्ट झाली, आणि वाचकांना वाटेल कीं "सर्वांना सामावून घेणें" म्हणजे आपण यजमान आणि बाकीचे पाहुणे. आम्हांला जें सर्वांत जास्त लागलें तें मात्र अगदीं घरांतलें आहे. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कचेरींतल्या बायका एका दुपारीं मधल्या सुट्टींत हळदीकुंकू करीत. सूचना लागे: "सर्व महिला कर्मचाऱ्यांस आग्रहाचें निमंत्रण." एक ख्रिस्ती बाई आणि एक मुसलमान बाई पहिल्यापासून हौसेनें जात, वाण घेत, उखाणे ऐकून हंसत. त्यांना कोणी वगळलें नव्हतें. आमच्या खात्यांतली एक टायपिस्ट मात्र त्या दुपारीं टेबलावरून उठत नसे. तिचा नवरा दोन वर्षांपूर्वीं गेला होता. "हातांतलें संपवून येतें," असें ती म्हणे आणि येत नसे. तिनें यावें असें मनापासून वाटणाऱ्या मैत्रिणीहि तिला ओढून नेण्यास कचरत. त्या सूचनेंतल्या "सर्व" या शब्दांत ती होती. त्या खोलींत नव्हती.

तिसऱ्या वर्षीं बायकांमध्यें विचार निघाला. कोणी म्हणालें, "हळदीकुंकू" हें नांवच काढून टाकूं या, नुसता "तिळगूळ समारंभ" म्हणूं या. उपाय साधा होता आणि हेतूहि शुद्ध होता. परंतु हिशेब-खात्यांतल्या एका वडीलधाऱ्या बाईंनीं एक निराळी गोष्ट केली: त्यांनीं तिला विचारलें. ती म्हणाली, "बाई, माझ्यासाठीं नांव बदलूं नका. मला बोलवा म्हणजे झालें. तिळगूळ घेईन, वाण घेईन. कुंकवाचें त्या वेळेला बघूं." ती गेली. पुरुषांना त्या खोलींत मज्जाव असल्यामुळें पुढचें आम्हांला त्या बाईंनींच सांगितलें. करंडा तिच्यापुढें आला तेव्हां तिनें तो घेतला, आणि बोटावर कुंकू घेऊन प्रथम त्या बाईंच्या कपाळीं लावलें. मग सगळ्यांच्या. स्वतः लावून घेतलें कीं नाहीं हें बाईंनीं सांगितलें नाहीं, आणि आम्हींहि विचारलें नाहीं.

हें वैयक्तिक हळवेपण आहे असें कोणास वाटेल तर त्यांनीं अलीकडच्या घडामोडी आठवाव्या. मे २०२२ मध्यें कोल्हापूर जिल्ह्यांतल्या शिरोळ तालुक्यांत हेरवाड गांवच्या ग्रामसभेनें विधवांच्या कुंकू पुसण्याच्या व बांगड्या फोडण्याच्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यांत राज्य सरकारनें इतर गांवांनींहि त्याचें अनुकरण करावें असें परिपत्रक काढलें. पुढच्याच वर्षीं, एप्रिल २०२३ मध्यें, विधवा या शब्दाऐवजीं "गंगाभागीरथी" असें म्हणावें अशी सूचना सरकारी पातळीवर पुढें आली, आणि तिला विरोध होतांच ती मागें पडली. पहिल्या गोष्टींत माणसाला खोलींत घेतलें होतें. दुसऱ्या गोष्टींत दाराबाहेरच ठेवून पाटी तेवढी सुंदर केली होती. त्या बायकांना काय हवें हें विचारण्याची बुद्धि ज्याला होते, त्याच्या हातून सहसा मायना चुकत नाहीं.

एक बाजू राहिली, ती शुभेच्छा घेणाऱ्याची. पतेतीच्या दिवशीं "हॅपी पतेती" म्हणून हात पुढें करणारा मनुष्य अज्ञानी असेल, पण दुष्ट खचित नव्हे. आमच्या ओळखीचे एक वृद्ध पारशी गृहस्थ अशा वेळीं तो हात धरून म्हणत, "उद्यां पण ये, उद्यां खरी मजा, आज फक्त माफी." शिकविण्याची ही रीत चिडण्यापेक्षां स्वस्त आहे आणि लक्षांतहि राहते. ज्याच्या घरीं त्या वर्षीं दुःख झालें असून सण नाहीं, त्याला दिवाळीचें छापील कार्ड आलें तर त्यानें तें बाजूला ठेवून द्यावें. पाठविणाऱ्यानें तसें होण्याचा संभव आधीं ध्यानांत घ्यावा. देणाऱ्यानें चौकस असावें आणि घेणाऱ्यानें उदार असावें, एवढें दोघांनीं सांभाळलें तर कचेरींत एकत्र बसणें पुष्कळ सुखाचें होईल.

आमच्या जागीं आतां जे कोणी असे मसुदे करीत असतील, त्यांच्यासाठीं आम्ही एक नमुना लिहून ठेवतों. "येत्या शुक्रवारीं आपल्या कचेरींतील कांहीं मंडळी ईद साजरी करीत आहेत. त्यांना ईद मुबारक. चंद्राप्रमाणें दिवस बदलल्यास त्यांची रजा बदलेल. त्यांनीं निराळा अर्ज करूं नये. त्या दिवशीं त्यांच्याकडे कोणीहि काम पाठवूं नये." ईदच्या जागीं दिवाळी घालावी, नाताळ घालावा, नवरोज घालावा, गुड फ्रायडेला आणि मोहरमला दुसरें वाक्य गाळून बाकीचीं ठेवावीं. एवढ्या मजकुराला रंगीत कागद लागत नाहीं, चित्रहि लागत नाहीं. जानेवारींत अर्धा तास रजेचें रजिस्टर घेऊन बसावें लागतें, आणि ज्याच्याविषयीं शंका असेल त्याच्या टेबलाशीं जाऊन विचारावें लागतें.